मूळ पट्टी

कमळाकर घरतच्या गळ्यातली स्वरपेटी गुरुवारी ऑपरेशन करून काढायची होती. त्याआधीचा रविवार मोकळा होता. त्या रविवारी शेवटचं गाणं कोणतं म्हणायचं ते कमळाकरच सांगेल, असं मंडळींनी ठरवलं, आणि कमळाकरने ते ठरलं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. अडचण तिथून सुरू झाली.

मंडळी म्हणजे पनवेलमधले पंधराएक पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. दर रविवारी सकाळी ते कापड बाजारामागच्या एका कॉमर्स क्लासच्या खोलीत जमतात आणि कराओके गातात. शनिवारी शिकवलेली उदाहरणं फळ्यावर तशीच असतात, त्यांच्यावर पांढरा पडदा सोडला जातो. पडद्यावर गाण्याचे शब्द सरकतात, स्पीकरमधून नुसती वाद्यं वाजतात, आणि मूळ गायकाच्या जागी मेडिकलवाला, निवृत्त बँक मॅनेजर नाहीतर एसटीतला हेड मेकॅनिक उभा असतो. बायका येत नाहीत. येऊ नयेत असा नियम नाही. कोणी बोलावलं नाही आणि कोणी आल्या नाहीत.

शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून उभं राहून म्हणायचं, ही इथली रीत. त्याला 'उभं गाणं' म्हणतात. ज्याने ते निवडलं त्याने मुखडा एकट्याने म्हणायचा, मग बाकीचे मिसळतात. गाणं संपलं की बाक पुन्हा ओळीत लावायचे आणि घरी जायचं.

दुसरी रीत चहाची. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि ती बहुतेकांना झेपत नाही. लॅपटॉपवर एक आकडा बदलला की सगळं गाणं तेवढं खाली उतरतं आणि गाणाऱ्याला सोपं जातं. ज्याने पट्टी खाली घेतली त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. हा नियम कमळाकरने घातला होता. "आमी दुधात पाणी घालत नाय," असं तो सांगायचा. सबनीस नावाचे दातांचे डॉक्टर दर रविवारी तीनने खाली गायचे आणि दर रविवारी चहा पाजायचे. "सबनीस, दवाखाना बंद करा आणि टपरी टाका," असं कमळाकर त्यांना म्हणे. कमळाकरने स्वतः चहा कधीच दिला नव्हता. तो मूळ पट्टीत गायचा, आणि गाण्याआधी तसं माइकवर जाहीर करायचा.

विचुंब्यात त्याच्या वडलांची भातशेती होती. तिच्यावर आता सात मजली इमारती आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींना रेती-विटा कमळाकरनेच पुरवल्या. डंपरच्या ड्रायव्हरला रस्त्यापलीकडून हाक मारायची तर आवाज लागतो. तो त्याच्याकडे होता. हाफिज मुकादमने तो पहिल्यांदा ऐकला मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचवर. हाफिज तेव्हा आखातातली, दोह्याची नोकरी सोडून कायमचा परत येत होता. मुंबईहून सामानासकट लाँचने मोऱ्याला, घरी निघाला होता. भर पाण्यात इंजिन बंद पडलं. लोक कुरकुरायला लागले, तेव्हा कठड्याला टेकून बसलेल्या एका दांडग्या माणसाने कोणी न सांगता गायला सुरुवात केली. कुठल्याशा जुन्या सिनेमातलं गाणं होतं. होडीतून निघालेला माणूस धक्क्यावर पोचवायला आलेल्याला सांगतो, तू आता परत जा, पाणी चढतंय. दुसऱ्या कडव्याला हाफिजने साथ दिली. इंजिन सुरू झालं तरी दोघं थांबले नाहीत. पुढे हाफिजने पनवेलच्या बाजारात चपलांचं दुकान टाकलं, आणि रविवारची मंडळी जमवली ती या दोघांनीच.

कमळाकरने शेवटचं म्हणून निवडलं ते हे होडीचं गाणं. ग्रुपवर त्याने खाली लिहिलं होतं: 'मूळ पट्टीत.'

तो जवळजवळ वर्षभर मूळ पट्टीत गात नव्हता, हे त्याला माहीत नव्हतं. हाफिजला माहीत होतं.

झालं होतं असं. गेल्या गणपतीत एका सोसायटीच्या मांडवात मंडळींचा कार्यक्रम होता. होडीच्या गाण्याचं तिसरं कडवं वर चढतं. तिथे कमळाकरचा आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण तो खाली उतरला तो थेट चपला घालून निघून गेला. नंतर कितीतरी रविवार आला नाही. फोन केला की "गाडी खाली करतोय" म्हणायचा. हाफिज विचुंब्याला त्याच्या घरी गेला तेव्हा तो गॅलरीत बसून समोरच्या बांधकामाकडे बघत होता.

"गळा गेला रं," एवढंच बोलला.

हाफिजला वाटलं, वय झालं. सगळ्यांचंच होतं.

दुकानात परत आल्यावर त्याने प्रणितला फोन केला. प्रणित एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो आणि रविवारी मंडळींचा लॅपटॉप सांभाळतो.

"कमळाकरचे ट्रॅक एकने खाली घे."

"काका, पडद्यावर आकडा येतो. त्यांना दिसेल."

"मग घरून करून आण. नाव तेच ठेव."

"आणि चहाचं काय?"

"चहा मी पाजतो तुला."

प्रणितने ट्रॅक घरी खाली उतरवले आणि त्याच नावाने ठेवून आणले. मूळ गाणं शेजारी वाजत नसेल तर एवढा फरक कानाला कळत नाही. माणूस वाद्यांच्या मागे जातो. हाफिजने गळ घालून कमळाकरला आणलं. तिसऱ्या कडव्यात तो वर पोचला, टिकला, आणि माइक छातीवर आपटून म्हणाला, "उघडला रं गळा." त्या दिवशीचा चहा सबनीसांचा होता. हाफिजने घरी जाऊन बायकोला, बिल्कीसला सांगितलं की आज एक नेक काम झालं.

दिवाळीत आणखी एकने खाली आणावं लागलं. संक्रांतीनंतर आणखी एक. होळीपर्यंत चार झाले. बाकीच्यांना कळलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. कमळाकर उभं गाणं निवडायचा तेव्हा त्यांना खालचे सूर लागेनासे झाले होते. होडीच्या गाण्याच्या मुखड्याची शेवटची ओळ मुळातच खोल उतरते. चारने खाली आणल्यावर तिथे सगळे नुसते ओठ हलवत. "आज गाण्याला सर्दी झालीय," असं एकदा सबनीस म्हणाले. हाफिजने त्यांच्याकडे बघितलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

मे महिन्यात कमळाकरला घास गिळताना दुखायला लागलं, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. तिथून मोठ्या रुग्णालयात. तोवर त्याचा आवाज कुजबुजीच्या जवळ आला होता. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, ऑपरेशनची तारीख मिळाली. गायलो तर चालंल का, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता गाण्याने काही बिघडणार नाही. कमळाकरने याला परवानगी समजून मान डोलावली. शेजारी बसलेल्या मनिषाने, त्याच्या बायकोने, पर्सचा बंद घट्ट धरला.

मनिषा हाफिजच्या दुकानात आली ती मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना. चपला घालून बघायच्या बुटक्या स्टुलावर बसली.

"चहा सांगू, वहिनी?"

"नको. एक विचारायचंय, हाफिजभाय. डॉक्टर परत परत विचारतात, आवाज कवापासून बदलला. हे सांगतात, होळीनंतर. डॉक्टर बोलले, असं नाय होत. कॅमेऱ्यात गाठ दिसते ती वर्षाची तरी हाय. तर हे डॉक्टरशीच भांडतात. होळीपर्यंत मी मूळ पट्टीत गात होतो, पंधरा माणसं साक्षीला हायत, असं बोलले."

हाफिजने समोरची चपलांची जोडी खोक्यात ठेवली. मग झाकण उघडून परत बाहेर काढली.

"मला घरात दिवाळीलाच ऐकू येत होतं," मनिषा म्हणाली. "हाक मारली तर दुसराच कोण हाक मारतोय असं वाटायचं. मी बोलले, दाखवून या. तर मला बोलले, मंडळींत मी ओरिजिनल गातो, तुला सुरातलं काय कळतं? परत एकदा बोलले, परत तेच. मंग मी गप बसले. मला खरंच नाय कळत. तुमाला कळतं. म्हणून आले."

"तेव्हा दाखवलं असतं तर?"

"नुसत्या शेकावर, त्या रेडिएशनवर, भागलं असतं बहुतेक. काढायला लागली नसती."

रस्त्यावर एक टेम्पो मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत राहिला. तो थांबेपर्यंत हाफिजने ती जोडी पुन्हा खोक्यात ठेवली होती.

"सांगतो, वहिनी," हाफिज म्हणाला. "रविवार होऊ दे."

मनिषा उठली. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि काय सांगायचं राहिलंय ते तिला तिथेच कळलं असावं.

"मला नाय सांगितलं तरी चालंल," ती म्हणाली. "त्यांना सांगा. आणि लवकर सांगा. गुरुवारनंतर ते तुमाला उलट बोलू नाय शकणार."

त्या दिवशी जेवताना हाफिजने हे सगळं बिल्कीसपुढे मांडलं. तिने भात वाढता वाढता ऐकून घेतलं.

"आता सांगून तुमचं दिल हलकं होईल," ती म्हणाली. "त्याचं काय होईल? तोच बोजा घेऊन तो ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचा."

"त्याने मूळ ट्रॅक मागितलाय. खरा लावला तर सगळ्यांसमोर आवाज फाटेल. मांडवात फाटला होता त्यापेक्षा वाईट."

"मग गाणं बदलायला लावा. पुरुष माणसं तुम्ही, एक गाणं बदलता येत नाही?"

प्रणितचं म्हणणंही तेच होतं. त्याचा फोन आला तेव्हा तो घाबरलेला होता. "काका, त्यांचा मेसेज आलाय. नवीन डाउनलोड कर म्हणतात, जुन्या ट्रॅकचा आवाज दबलाय. काय आणू मी?" त्याने एक दुसरं गाणं सुचवलं. सरळ चालीचं, मुळातच खालच्या सुरातलं. त्यात काही उतरवावंच लागलं नसतं, आणि कमळाकरने ते मूळ पट्टीत म्हटलं असं खरोखर म्हणता आलं असतं. हाफिजला ते पटलं. त्याने कमळाकरला फोन लावला.

"शेवटचं दुसरं घेऊ या का?"

"का रं?" कमळाकरचा आवाज कागद चुरगळल्यासारखा आला.

"ते जरा उदास आहे."

"मंग काय हळदीतलं म्हणू?" तो हसला आणि खोकला. खोकला थांबायला वेळ लागला. "हाफिज, प्रितम व्हिडिओ काढणार हाय. आभाला मोठी झाल्यावर दाखवायला. तिचा आजा गायचा कसा, ते पोरीला कळलं पायजे. मूळ पट्टीतच पायजे. फाटला तर फाटला, पण नाय फाटणार. तू होतास ना शिमग्याला, किती वर गेलो होतो मी."

आभा त्याची नात. त्याच्या मुलाची, प्रितमची मुलगी, अजून नीट चालत नव्हती.

"होतो," हाफिज म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने प्रणितला निरोप दिला: दोन्ही ट्रॅक आण.

शनिवारी सकाळी दोघं नेहमीसारखे वडाळे तलावाला चालायला गेले. कमळाकर अर्ध्या फेरीत दमला. बाकावर बसले. समोरून ट्रॅकसूट घातलेली माणसं जात होती आणि त्यांच्यातली निम्मी कमळाकरला हात करत होती. त्यांची रांग जरा तुटली तेव्हा हाफिजने सांगायला सुरुवात केली, आणि मध्ये न थांबता सगळं सांगून टाकलं. मांडव, प्रणितला केलेला फोन, त्याच नावाचे ट्रॅक, दिवाळी, संक्रांत, होळी. प्रणितचा यात दोष नाही, हेही सांगितलं.

कमळाकर पाण्याकडे बघत होता.

"किती?"

"चार."

"सबनीस किती घेतो?"

"तीन."

कमळाकरने मान हलवली, भाव ऐकल्यावर हलवावी तशी.

"मनिषा बोलत होती," तो म्हणाला. हाफिजला ऐकायला जवळ सरकावं लागलं. "मी तिला काय बोललो म्हाईत हाय तुला?"

"माहीत आहे. ती दुकानात आली होती."

"मंग तुला सगळंच म्हाईत हाय."

"मला वाटलं तुझं गाणं सुटेल, यार. गॅलरीत कसा बसला होतास ते मी बघितलं होतं. खुदाची कसम, आजाराचं डोक्यातही आलं नाही."

"माझ्या पण नाय आलं."

हाफिजला वाटलं, संपलं. पण कमळाकर थांबला होता तो दम घ्यायला.

"तू तवा तोंडावर बोलला असतास ना, कमळ्या, तुला झेपत नाय, खाली घे. मी शिव्या दिल्या असत्या तुला. महिनाभर तोंड नसतं दाखवलं. मंग एक दिवस गेलो असतो दाखवायला. हट्टाने गेलो असतो. डॉक्टरला बोललो असतो, बग काय झालंय गळ्याला, मला वर जायचंय."

कमळाकरला तो इतकी वर्षं ओळखत होता. तो अगदी असाच गेला असता.

"उद्या ट्रॅक कुठला लावायचा?" शेवटी त्याने विचारलं.

"उद्या बघू."

कमळाकरने रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. नेहमी तो हाफिजला बाजारात सोडून मग विचुंब्याला जायचा. त्या दिवशी तो एकटाच बसला आणि रिक्षा निघाली.

रविवारी मंडळी वेळेआधीच जमली होती. कोणी हार आणला होता, पण तो घालावा की नाही यावर एकमत झालं नाही, आणि तो पिशवीतच राहिला. कमळाकर उशिरा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर मनिषा आणि प्रितम. खोलीत बाई आलेली बघून दोघातिघांनी उगाच बाक पुसला. मनिषा मागच्या बाकावर बसली. कमळाकर नेहमी हाफिजशेजारी बसतो. त्या दिवशी तो मनिषाशेजारी बसला. हाफिजने आपल्या बाजूची जागा थोडा वेळ धरून ठेवली होती. मग तिथे मेडिकलवाला बसला.

एकेकाची गाणी झाली. हशा कमी होता. मेकॅनिक दोन ओळी चुकला तरी कोणी टोकलं नाही, तेव्हा कमळाकरच मागून म्हणाला, "एसटी फाट्यावर वळवली काय रं?" मग सगळे जरा जास्तच हसले. सबनीसांचं गाणं नेहमीसारखं तीनने खाली झालं. ते माइक ठेवून खिडकीशी गेले, खालच्या टपरीवाल्याला हाक मारायला.

"सबनीस, बसा," कमळाकर म्हणाला. "आज चहा माझा."

"तुझा कशाला? आज तर मुळीच नाही," सबनीस म्हणाले. "नियम म्हणजे नियम. मी खाली गायलो."

"मी पण खाली गातो."

तो उठून उभा राहिला. आवाज पोचावा म्हणून पुढे आला आणि टेबलाला धरून थांबला.

"चारने खाली. गेल्या गणपतीपासून. मला म्हाईत नव्हतं, ते काल कळलं. तर त्या सगळ्या रविवारांचा चहा माझ्यावर निघतो. वडे पण सांगा."

प्रणित लॅपटॉपच्या मागे मान खाली घालून बसला होता. बँक मॅनेजरने चष्मा काढला आणि पुसायला लागला. मग सबनीसांनीच खिडकीतून हाक मारली आणि सांगितलं, "घरतांच्या नावावर."

चहा आला. पंधरा माणसं, मनिषा आणि प्रितम, सगळ्यांनी कागदी कप हातात घेतले आणि मुकाट्याने प्यायले. वडे तसेच राहिले. हाफिजने कप बाकावर ठेवला होता. कमळाकर फिरत त्याच्यापाशी आला. कपाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"पी," तो म्हणाला. "माझ्या नावचा हाय."

हाफिजने कप उचलला आणि प्यायला. कमळाकर तोवर उभा राहिला, आणि कप रिकामा झाल्यावर पुढे गेला.

मग सगळे उभ्या गाण्याला उठले. प्रितमने फोन काढून पडद्याच्या बाजूला जागा घेतली.

"प्रणित, कुठला आणलायस?"

"दोन्ही आणलेत, काका."

"खालचा नको," कमळाकर म्हणाला. प्रणितने वर बघितलं. कमळाकर पुढे म्हणाला, "वरचा लाव. आणि सगळ्यांसमोर चारने खाली घे. आकडा पडद्यावर दिसला पायजे."

प्रणितने तसं केलं. पडद्याच्या कोपऱ्यात वजाची खूण आणि चारचा आकडा आला. कमळाकरने मागे वळून मनिषाला हाताने पुढे बोलावलं. ती आली आणि त्याच्या अगदी जवळ येऊन थांबली.

"तो आकडा बग," तो तिला म्हणाला. "तुला दिवाळीला ऐकू येत होता, तो ह्योच. उद्या डॉक्टरला खरं सांगू."

मनिषाने आकडा बघितला. मागच्या बाकावर परत गेली नाही, तिथेच उभी राहिली.

वाद्यं सुरू झाली. मुखडा कमळाकरने एकट्याने म्हटला. आवाज खरखरीत होता, प्रत्येक ओळीच्या शेवटी हवा निसटत होती, पण सूर जागेवर होता. पहिल्या कडव्याला मंडळी मिसळली. दुसरं कडवं त्यांनीच सावरलं, त्याला दम घेता यावा म्हणून. तिसरं कडवं वर चढायला लागलं तेव्हा ते मागे सरले आणि तो एकटा पुढे गेला. चारने खाली आणलेल्या त्या चढावर तो चढला. एका जागी श्वास पुरला नाही. तिथे हाफिजने ओळ उचलली, दोन शब्द नेली, आणि तिसऱ्या शब्दाला कमळाकरने ती त्याच्याकडून परत घेतली.

मग गाणं मुखड्याकडे फिरलं आणि खाली उतरायला लागलं. शेवटची ओळ आली. तू आता परत जा, पाणी चढतंय. ती इतकी खोल होती की मेडिकलवाल्याचा आवाज आधी गेला, मग मेकॅनिकचा, मग सबनीसांचा. हाफिजने शेवटपर्यंत प्रयत्न केला, पण त्याच्या गळ्यातून नुसता श्वास आला. एवढ्या खाली जाईल असा गळा त्या खोलीत एकच होता.

ती ओळ दोनदा येते. दुसऱ्यांदाही ती कमळाकरने एकट्यानेच म्हटली.

प्रितमच्या फोनमधला व्हिडिओ तिथेच संपतो. त्यात शेवटी पंधरा माणसं उभी दिसतात, सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात, आणि आवाज एकाचाच ऐकू येतो.